शाकुहाची, कोतो की शामिसेन? जपानबाहेर राहून शिकायचं असेल तर

मी शाकुहाची, म्हणजे जपानी बांबूची बासरी, घेतली आणि पहिले सोळा दिवस तिच्यातून नुसती फुंकर बाहेर आली. लहानपणी थोडी बासरी वाजवली होती, त्यामुळे 'आपल्याला काय, येईलच' असा तोरा होता. तो उतरला. आपली बासरी आडवी धरायची आणि फुंकायचं भोक ठरलेलं. शाकुहाची उभी, वरचं टोक उघडं, त्याची एक कड तिरपी कापलेली. त्या कडेवर श्वास नेमका कुठे फोडायचा, ते ओठांनीच शोधायचं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकतो ना, तसंच काहीसं. सतराव्या दिवशी आरशासमोर एक स्वर लागला आणि पुढच्या श्वासाला गेला.

जपानी संगीताचा नाद लागलेली माणसं शेवटी शाकुहाची, लांब आडवं तंतुवाद्य कोतो आणि तीन तारांची शामिसेन या तीनपैकी एका वाद्यापाशी येऊन अडतात. (तायको मी धरलेला नाही. तो फ्लॅटमध्ये वाजवता येत नाही, आणि मोठ्या ढोलाचीच हौस असेल तर आपल्याकडे गणपतीची पथकं आहेत.) व्हिडिओत कुठलं वाद्य गोड वाटलं यावरून ठरवू नका. घर केवढं, हवा कशी आणि शिकवणार कोण, यावरून ठरवा.

शाकुहाचीचं नाव म्हणजे तिचं मापच: एक शाकु आणि आठ सुन, म्हणजे साधारण 54.5 सेंटिमीटर. 'हाची' म्हणजे आठ. भोकं पाचच, चार पुढे आणि एक अंगठ्याला. नेहमीच्या लांबीच्या शाकुहाचीत भोकं एकेक करून उघडत गेलं की जे पाच स्वर येतात, ते आपल्या कानाला थेट धानी रागाचे: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. बाकीचे स्वर भोक अर्धवट झाकून आणि मान खाली-वर करून काढायचे. जपानीत म्हणच आहे, मान हलवायला तीन वर्षं आणि 'कोरो' या बोटांच्या खेळाला आठ. अतिशयोक्ती आहे, पण फार नाही.

हे वाद्य जपानबाहेर सगळ्यात जास्त रुजलंय. त्याचा जागतिक महोत्सव 1998 मध्ये अमेरिकेत बोल्डरला, 2008 मध्ये सिडनीला आणि 2018 मध्ये लंडनला झाला. त्यामुळे इंग्रजीतून शिकवणारे चांगले गुरू मिळतात. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याची तबकडी अंतराळात गेली, तिच्यात यामागुची गोरो यांची शाकुहाची आहे आणि आपल्या गोव्याच्या केरीच्या केसरबाईंची भैरवीही आहे. शेजार वाईट नाही.

सुरुवात प्लॅस्टिकच्या शाकुहाचीवर करा. बांबूची घेतलीत तर एप्रिलच्या कोरड्या हवेत किंवा एसीत ती तडकू शकते, म्हणून वाजवून झालं की आतून फडक्याने पुसून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवतात. पावसाळ्यात उलट पंचाईत, बुरशीची.

कोतोचं गणित बरोबर उलटं. पहिल्याच दिवशी तार छेडलीत की सुंदर आवाज येतो, बिगरीतला विद्यार्थीही तासाभरात काहीतरी वाजवून उठतो. लिपीही सोपी: तारांना आकडे आहेत, कुठली तार कधी छेडायची तेवढं वाचायचं. तेरा तारा, प्रत्येकीखाली सुटी घोडी, ती सरकवली की स्वर बदलतो. उजव्या हाताच्या अंगठ्यात, तर्जनीत आणि मध्यमेत नख्या घालायच्या. सतराव्या शतकातले कोतोवादक यात्सुहाशी केंग्यो यांच्या नावाशी जोडलेली 'हिराजोशी' ही जुळणी लावून बघा: सा, कोमल रे, म, प, कोमल ध. हे गुणकलीचे स्वर. राग अर्थातच होत नाही, चलन वेगळं आहे, पण गायला शिकलेल्याला पहिल्या आठवड्यात घरी आल्यासारखं वाटतं.

मग अडचण कुठे? लांबीत. जवळपास 180 सेंटिमीटरची ही पेटी ठेवणार कुठे? दिवाणाखाली, हे माझ्या एका मैत्रिणीचं उत्तर, आणि मग दिवाळीच्या साफसफाईत ती आधी बाहेर निघते. जपानमध्ये जुन्या कोतो स्वस्तात मिळतात, पण त्या आणण्याचा खर्च वाद्यापेक्षा जास्त होऊ शकतो. जुन्या वाद्यात घोड्या किंवा नख्या हस्तिदंती असतील तर सीमाशुल्कवाले अडवतील, तेव्हा विकणाऱ्याला आधी विचारा. तारा हल्ली बहुधा पॉलिएस्टरच्या, सहसा तुटत नाहीत, पण सैल पडल्या की तेवढ्याच ताणाने पुन्हा ओढून बांधणं हे कसबी माणसाचं काम. तो गावात नसतो.

शामिसेनबद्दल मी जरा कडक बोलणार आहे, कारण तिच्या प्रेमात पडणं सगळ्यात सोपं. तीन तारा, पडदे नाहीत, तारा छेडायला हातात मोठा पंख्यासारखा 'बाची'. सगळ्यात जाड तारेला मुद्दाम एक झणझणाट ठेवलेला असतो, त्याला 'सावारी' म्हणतात. तानपुऱ्याच्या जवारीचा दोरा सरकवताना एका जागी आवाज एकदम उमलतो ना, ते ज्याने ऐकलंय त्याला सावारी समजावून सांगावी लागत नाही. त्या एका आवाजासाठी मीही घेणार होतो.

पण लक्ष द्या कातड्याकडे. परंपरेने ते मांजराचं किंवा कुत्र्याचं, आणि हवेतला ओलावा बदलला की ते फाटतं. आपला जून म्हणजे त्याची परीक्षाच. कृत्रिम कातडं मिळतं, बाहेर राहणाऱ्याने तेच घ्यावं. दुसरं म्हणजे ही बरीचशी परंपरा गाण्याच्या आणि कथनाच्या साथीची आहे. काबुकी नाटकातलं नागाउता गायन घ्या की बुनराकू बाहुलीनाट्यातलं गिदायू कथन, शब्द कळले नाहीत तर अर्धं हातातून जातं. जपानी शिकत असाल तर मात्र हीच गोष्ट फायद्याची. नुसतं वादन हवं असेल तर उत्तर जपानमधल्या आओमोरीकडची त्सुगारू शामिसेन आहे, जाड दांडीची. तिथे बाची कातड्यावर आपटतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

वाद्य ठरलं की घराणं विचारा, पैसे देण्याआधी. शाकुहाचीत किंको आणि तोझान या दोन मोठ्या शाखा आहेत. दोघींची स्वरलिपी वेगळी: खालच्या सप्तकातला पाचवा स्वर किंकोत 'री', तोझानमध्ये 'हा'. एकीची वही दुसरीच्या गुरूपुढे चालत नाही. कोतोत इकुता शाखा चौकोनी नख्या वापरते आणि वाद्यापुढे तिरकं बसते, यामादा शाखा टोकदार नख्या वापरते आणि सरळ बसते. नख्या चुकीच्या घेतल्यात तर पहिल्याच तासाला परत.

ऑनलाइन तास असेल तर कॉलच्या ॲपमधलं आवाज गाळण्याचं सेटिंग बंद करा. शाकुहाचीचा लांब स्वर त्याला पंख्याची घरघर वाटते आणि ते तो पुसून टाकतं. माझे दोन तास असे गेले, गुरूंना वाटलं मी वाजवतच नाहीये. जपान आपल्यापुढे साडेतीन तास आहे. तिथली संध्याकाळची सात म्हणजे आपले दुपारचे साडेतीन, नोकरी करणाऱ्याला अडचणीची वेळ. म्हणून शनिवार.

जागा कमी आणि चिकाटी भरपूर असेल, तर शाकुहाची. घर मोठं आणि पहिल्या महिन्यात काहीतरी वाजायलाच हवं असेल, तर कोतो, आणि ती शक्यतो गावात कुणाकडे असेल तिथे जाऊन. शामिसेन दुसरं वाद्य म्हणून घ्या, भाषा थोडी आली की. मी अजून घेतलेली नाही.