सोमालिया की सोमालीलँड: बायकांना जास्त जागा कुठे?

वरवर बघितलं तर सोमालीलँड, म्हणजे सोमालियापासून वेगळं झाल्याचं जाहीर केलेला भाग, पुढे वाटतं, कारण तिथे लोक थेट मतदान करतात, आणि एडना अदान इस्माईल तिथे 2003 मध्येच परराष्ट्रमंत्री झाल्या होत्या. पण 2021 च्या निवडणुकीत संसदेच्या 82 जागांसाठी 13 बायका उभ्या राहिल्या आणि एकही निवडून आली नाही, हे वाचून खरंच वाईट वाटलं.

सोमालियात उलटं आहे. सामान्य माणसाला थेट मत नव्हतं, कुळाचे (एका वंशाच्या मोठ्या गटाचे) म्हातारे प्रतिनिधी निवडायचे आणि ते खासदार ठरवायचे, तरी 30 टक्के कोट्याचं ठरलं होतं म्हणून 2016-17 मध्ये जवळपास 24 टक्के बायका संसदेत पोचल्या, पुढच्या वेळी मात्र आकडा 20 च्या आसपास घसरला, कारण तो कोटा पाळायची सक्तीच नव्हती ना.

अडचण दोन्हीकडे एकच, कूळ. लग्न झालेली बाई माहेरची का सासरची, म्हणून दोन्हीकडचे तिकीट द्यायला कचरतात. म्हणूनच 2000 साली जिबूतीतल्या आर्ता इथे सोमालियासाठी झालेल्या शांतता परिषदेत, जिथे जागा पाच कुळगटांत वाटल्या जात होत्या, कार्यकर्त्या आशा हाजी एल्मी आणि सोबतच्या बायकांनी 'सहावं कूळ' म्हणून स्वतःची वेगळी जागा मागितली, मला तर ही सगळ्यात हुशार चाल वाटते.

मला विचाराल तर आत्ता कोटाच हवा, पण कायद्यात लिहिलेला.