‘पावती’ या एका शब्दाने माझे 33 हजार नेले

बेळगावात शहापूरला आमचं 1987 साली बांधलेलं घर आहे. खाली रस्त्याच्या अंगाला दोन गाळे भाड्याने दिलेले, मागे आणि वर आम्ही. घरपट्टी किती, कधी, कुठे भरायची हे सगळं यजमान बघायचे. उद्यमबागेतल्या फौंड्रीत हिशेब लिहिण्यात त्यांची उमर गेली, त्यामुळे घरातला कागद न् कागद जागेवर असायचा. 2021 साली ते गेले. मुलगा पुण्याला नोकरीत. पुढच्या वर्षी पट्टीची वेळ आली तेव्हा आमच्या गाळेकऱ्यानेच एक एजंट आणून दिला.

माणूस बोलायला गोड. मला मावशी म्हणायचा. “एप्रिलमध्ये भरलं की 5 टक्के सूट मिळते मावशी, ती माझी मजुरी. तुम्ही फकस्त 14 हजार द्या.” सूट खरीच आहे, एप्रिल महिन्यात भरणाऱ्याला मिळते. म्हणून मला त्यात काही खोट दिसली नाही. चार दिवसांनी त्याने कागद आणून दिला. वर कन्नडमध्ये छापलेलं, माझ्या घराचा पीआयडी नंबर (पालिकेकडचा मिळकतीचा क्रमांक), यजमानांचं नाव, 14 हजारांचा आकडा आणि खाली बँकेचा जांभळा गोल शिक्का.

मला कन्नड बोलता येतं. बाजारात, दवाखान्यात, बसमध्ये कुठे अडत नाही. पण शिक्षण सगळं मराठी शाळेत झालं, अक्षर लागत नाही. मी विचारलं, ही पावतीच ना? त्याने एका ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं, “ह्ये बघा की, पावती म्हणूनच छापलंय.”

शब्द तिथे खरंच होता, आणि तो मला तीन वर्षांनी कळला. कन्नडमध्ये ‘पावति’ म्हणजे पैसे भरणं. त्या ओळीत होतं ‘पावतिसबेकाद मोत्त’, म्हणजे भरायची असलेली रक्कम. मिळाल्याच्या कागदाला ते ‘रसीदि’ म्हणतात. माझ्या हातात पावती नव्हती, नुसतं चलन होतं, म्हणजे पैसे भरण्याआधी काढायचा कागद. पीआयडी माहीत असलेला कोणीही असं चलन संगणकावर काढू शकतो, त्याला एक रुपयाही लागत नाही. पैसे त्याने भरलेच नव्हते आणि शिक्का बनवून घेतलेला होता.

2023 साली त्याने आणखी एक गोष्ट सुचवली, आणि इथे चूक माझीही आहे. आपल्याकडे पट्टीची आकारणी मालक स्वतः जाहीर करतो. बांधकाम किती, कसलं, किती जुनं, राहायला की धंद्याला, हे फॉर्मवर भरून सही करायची. तो म्हणाला, गाळे घरात दाखवू, पट्टी साडेनऊ हजारावर येते, शहापुरात सगळे असंच करतात. गाळ्यांचं भाडं हेच माझं उत्पन्न, साडेचार हजार वाचतील तर बरं वाटलं. मी सही केली. 2023 आणि 2024 या दोन्ही वर्षी साडेनऊ-साडेनऊ हजार रोख दिले. तसाच कागद, तोच शिक्का.

उलगडा झाला 2025 च्या जानेवारीत. घर मुलामुलीच्या नावाने बक्षीसपत्र करून द्यायचं ठरलं. ऑक्टोबर 2024 पासून कर्नाटकात ई-खात्याशिवाय, म्हणजे मिळकतीच्या नोंदीच्या ऑनलाइन उताऱ्याशिवाय, सबरजिस्ट्रारकडे दस्त होत नाही, म्हणून आधी ई-खात्याला अर्ज केला. खरेदीपत्र, ईसी (मिळकतीवरच्या व्यवहारांचा आणि बोजाचा दाखला), आधार, लाइट बिल आणि पट्टीचे ते तीन कागद घेऊन गेले. कौंटरवरच्या मुलीने कागद उलटसुलट पाहिले, संगणकावर पीआयडी टाकला आणि मराठीतच म्हणाली, “आजी, ही चलनं आहेत. तीन वर्षांची पट्टी भरलेलीच नाही.” माझे हातपाय गार पडले. तिने पाणी दिलं, बसवलं, आणि ती कन्नड ओळ शब्द शब्द सांगितली.

मग जागा पाहायला पालिकेचा माणूस आला. दोन गाळे समोर उघडे, दोन्हींना हेस्कॉम या वीज कंपनीची व्यापारी दराची मीटरं. घर म्हणून दाखवलेलं कसं टिकणार? आकारणी पुन्हा 14 हजारांवर आली. तीन वर्षांचे 42 हजार, आणि जुलैपासून महिन्याला 2 टक्के या हिशेबाने दंड 16 हजारांच्या आसपास. एजंटला दिलेले 33 हजार गेले ते वेगळेच.

त्याला फोन केला. आधी उचलला नाही. मुलाने लावला तेव्हा म्हणाला, “तक्रार करा की. खोट्या फॉर्मवर सही कुणाची हाय, मावशीचीच न्हवं?” त्या रात्री मला झोप आली नाही. पट्टी कमी करायची वाट त्याने मला का दाखवली ते तेव्हा उमगलं. माझं तोंड बंद राहावं म्हणून त्याला माझी सही हवी होती. माझ्यासारख्या कितीजणी एवढ्यावरच गप्प बसल्या असतील, या विचाराने अजून जीव तुटतो.

मी गप्प बसले नाही. थकबाकी आणि दंड भरून टाकला, त्यामुळे त्याच्या हातातलं हत्यार गेलं. मगच पोलिसात तक्रार दिली. पैसे घेतले ते तिन्ही एप्रिल जुलै 2024 मध्ये नवा फौजदारी कायदा लागू होण्याच्या आधीचे, म्हणून कलम जुनंच, 420, असं वकिलांनी सांगितलं. रोख दिल्यामुळे पुरावा कमी आहे, पण शिक्क्याचे कागद आहेत. बँकेने तो शिक्का आपला नाही असं लिहून दिलंय.

एक गोष्ट मनाला फार लागली. पट्टी कमी होण्याची सरळ वाटही होती. इमारत जितकी जुनी तितका घसारा आकारणीत वजा होतो. 1987 चं घर, तरी त्या एजंटने हे कधी काढलं नाही. यजमानांच्या जुन्या फॉर्मवर तो रकाना दरवर्षी भरलेला सापडला.

खानापूर आणि निपाणीकडच्या आमच्या पाहुण्यांत वेगळीच फसवणूक चालते. शेतातला गुंठेवारी प्लॉट, एनए (बिनशेती) झालेला नाही, पण पंचायतीची पट्टी भरल्याचा कागद दाखवून “आता कायदेशीर झाला” म्हणून विकतात. पट्टी भरली म्हणजे मालकी होत नाही, खाताही मालकीचा दाखला नाही. पंचायतीकडचा फॉर्म 9, म्हणजे कायदेशीर मिळकतीचा उतारा, मागा. फॉर्म 11 ब निघाला तर प्लॉट बेकायदा वसाहतीतला आहे असं समजा, आणि वकिलाला दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

आणि घरातले पट्टीचे कागद आजच काढून बघा. चलनावर चलन नंबर आणि भरायची मुदत असते, पावतीवर पावती नंबर आणि भरल्याची तारीख. आपला पीआयडी टाकून पालिकेच्या वेबसाइटवर बाकी दिसते, नातवंडांकडून बघून घ्या. पैसे बेळगाव वन या सरकारी सेवा केंद्रात किंवा बँकेत स्वतः उभं राहून भरा. कन्नड लागत नसेल तर शेजारच्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्या, पैसे नेणाऱ्याकडून नको. ‘पावतिसबेकाद’ म्हणजे अजून भरायचे, ‘पावतिसलागिदे’ म्हणजे भरले.

आमच्या गल्लीत आणखी दोन घरांत तोच जांभळा शिक्का निघाला आहे. एक म्हातारे गृहस्थ तक्रारीला तयार झाले. दुसऱ्या घरातली बाई, तिचीही सही घेतलेली आहे, ती अजून घाबरते. मी रोज संध्याकाळी तिच्याकडे जाऊन बसते.