हायपरलेजर फॅब्रिकवर रुग्णाची संमती : काही महिन्यांच्या वापरानंतर

रुग्णालय, पॅथॉलॉजी लॅब आणि विमा कंपनी एकाच आरोग्य अ‍ॅपवर असतील, तर कोणाचा रिपोर्ट कोणी, कधी आणि कोणत्या संमतीने पाहिला याचा पुरावा ठेवायला फॅब्रिक २.५ हे अनेक संस्थांनी मिळून चालवायचं ब्लॉकचेन सॉफ्टवेअर फार चांगलं आहे. रिपोर्ट ठेवायला मात्र ते वापरू नका. आणि तिघांचेही नोड (ब्लॉकचेनची प्रत ठेवणारे सर्व्हर) एकच कंपनी चालवणार असेल, तर साधा डेटाबेस पुरे.

रिपोर्ट ज्याच्या त्याच्या सर्व्हरवर, कूटबद्ध करून. साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, फक्त ३२ बाइटचा हॅश (माहितीवरून काढलेली ठरावीक लांबीची खूण), संमतीचा हेतू आणि मुदत. मोबाइल नंबर किंवा १४ अंकी आभा (आरोग्य ओळख) क्रमांकाचा नुसता एसएचए-२५६ हॅश टाकू नका. सगळे आकडे चालवून तो शोधता येतो. प्रत्येक रुग्णाची वेगळी गुप्त की (गुप्त संख्या) घालून एचमॅक, म्हणजे कीसह काढलेला हॅश, काढा आणि ती की साखळीबाहेर ठेवा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार कोणी माहिती पुसायला सांगितली, तर साखळीवरची नोंद पुसता येत नाही. रिपोर्ट आणि की नष्ट केली की उरलेल्या हॅशवरून माणसापर्यंत पोचता येत नाही.

खरी कसोटी फोनवर लागते, कारण रुग्णाची डिजिटल सही तिथेच होते. सहीसाठी फॅब्रिक पी-२५६ हा गणिती वक्र वापरतं. आयफोनचं सिक्युअर एन्क्लेव्ह आणि अँड्रॉइडचं स्ट्राँगबॉक्स या की जपणाऱ्या सुरक्षित हार्डवेअरलाही तोच चालतो, त्यामुळे सही करणारी खाजगी की हार्डवेअरबाहेर यावीच लागत नाही. इथेरियमच्या वक्राला ही सोय नाही, आणि आमच्या मते फॅब्रिक निवडायला एवढं एक कारणही पुरेसं आहे. अडचण अशी की फोनच्या स्वाक्षरीतला एस (तिच्या दोन आकड्यांपैकी दुसरा) कधी मोठा येतो आणि फॅब्रिक ती नाकारतं. त्यामुळे काही व्यवहार जातात, काही पडतात, आणि नेटवर्कवर संशय घेण्यात वेळ जातो. एस वक्राच्या ऑर्डरच्या (त्या वक्राच्या ठरलेल्या मोठ्या संख्येच्या) निम्म्याहून मोठा असेल, तर ऑर्डरमधून तो वजा करून पाठवा.

गेटवेच्या (फॅब्रिकशी जोडणाऱ्या सेवेच्या) ऑफलाइन पद्धतीत, म्हणजे सही फोनवरच करताना, प्रस्ताव, व्यवहार आणि कमिटची (नोंद पक्की झाली का याची) विचारणा अशा तीन स्वाक्षऱ्या लागतात. दर वेळी बोट मागितलं तर वयस्कर रुग्ण वैतागतात. एकदा बोट दिल्यावर की ३० सेकंद वापरण्याची मुभा ठेवा. सर्व्हरने दिलेल्या डायजेस्टवर (सही करायच्या मजकुराच्या हॅशवर) डोळे मिटून सही करू नका. अ‍ॅपने प्रस्ताव स्वतः उलगडावा, त्यातली संमती रुग्णाला दाखवावी आणि डायजेस्ट स्वतः काढावा.

फक्त बोटाच्या ठशाशी बांधलेली की अँड्रॉइडवर नवा ठसा नोंदवताच निकामी होते, म्हणून पुन्हा नोंदणीची वाट आधीच तयार हवी. जुनं सर्टिफिकेट (त्या कीचं ओळखपत्र) सीएमध्ये, म्हणजे ते देणाऱ्या यंत्रणेत, रद्द करून भागत नाही. रद्द यादी चॅनेलच्या (या संस्थांच्या सामायिक साखळीच्या) कॉन्फिगरेशनमध्ये चढेपर्यंत पीअर (संस्थांचे नोड) त्याला मान्यता देतच राहतात. फॅब्रिक सीएची सर्टिफिकेटं मुळात एका वर्षाची असतात, तेव्हा नोडच्या तारखांवर आधीपासून लक्ष ठेवा.

चेनकोडमध्ये (पीअरवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) सर्व्हरचं घड्याळ वाचलं, तर दोन पीअरची उत्तरं जुळत नाहीत. व्यवहारात नोंदलेली वेळ घ्या. एका रुग्णाच्या सगळ्या पाहणी-नोंदी एकाच कीखाली (इथे की म्हणजे नोंदीचं नाव) लिहिल्या, तर एकाच ब्लॉकमधला पहिलाच व्यवहार टिकतो आणि बाकीचे एमव्हीसीसी संघर्षात (वाचलेली नोंद मधेच बदलल्यामुळे) बाद होतात. प्रत्येक नोंदीला व्यवहार क्रमांकासह स्वतंत्र की द्या.

संमती काढून घेण्याची बाजू बहुतेक रचनांमध्ये कच्ची राहते. रुग्णालय आणि लॅब दोघांची मंजुरी असं धोरण ठेवलं आणि रात्री लॅबचा पीअर बंद पडला, की रुग्णाचा नकार अडकून पडतो. धोरण फंक्शननिहाय बदलत नाही. नकारासाठी वेगळा चेनकोड ठेवा, त्याला कोणत्याही एका संस्थेची मंजुरी पुरेशी करा, आणि रिपोर्ट उघडण्याआधी दोन्ही चेनकोड तपासा.