स्टेम सेल सेंटर, विश्रामबाग सांगली : दोन स्टार, तेही रिसेप्शनच्या मुलीला

आण्णांना पार्किन्सन होऊन आता सातवं वर्ष. लेव्होडोपाच्या गोळीचा असर उतरला की हातातली कपबशी अशी वाजते की आत आईला कळतं गोळीची वेळ झाली. व्हॉट्सॲपवर कुणीतरी स्टेम सेलनं (दुसऱ्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशी) पार्किन्सनवर इलाज अशी जाहिरात टाकलेली म्हणून एका सेंटरला जाऊन आलो, नाव लिहीत नाही, उगाच नोटीसबिटीस नको.

पार्किंग आहे, लिफ्ट आहे. लिफ्टच्या दारात आण्णांचे पाय नेहमीसारखे चिकटले, तर रिसेप्शनच्या मुलीनं फरशीच्या रेघेवर बोट ठेवलं, 'आजोबा, एवढी रेघ ओलांडा' म्हणाली, आणि पाय सुटले की! पुढे कुणाला एवढं पण कळत नव्हतं.

फी १५०० आणि समोर डॉक्टर नाहीत, टॅब घेतलेला काउन्सेलर. पॅकेज साडेतीन लाख. कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढणार, त्यातल्या सेल पाठीच्या मणक्यातून सोडणार, तीन सिटिंग. नाळेतल्या डोनर सेल पाहिजे असतील तर अजून जास्त.

सोबत तासगावचे चुलते होते, द्राक्षबागवाले. त्यांनी सरळ विचारलं, "साहेब, आमच्याकडं कलम भरलं तरी सगळं फुटत नाही, नांग्या पडतात. तुमचं किती जगतंय?" तर काउन्सेलर म्हणे मेंदूत रिजेक्शन (परक्या पेशी शरीरानं मारणं) नसतंच काका, शंभर टक्के सेफ.

इथंच मला शंका आली, घरी येऊन दोन रात्री वाचत बसलो, मिरजेच्या आमच्या न्यूरोवाल्या डॉक्टरांना पण विचारलं. मेंदूत इम्युनिटीचा पहारा बाकी शरीरापेक्षा ढिला असतो हे खरं, पण नसतोच असं नाही. मायक्रोग्लिया नावाच्या मेंदूच्या स्वतःच्या राखणदार पेशी आहेत, आणि सुई घातली की जखम होते, सूज येते, रक्तातल्या पेशींना पण वाट मिळते. स्वीडनमध्ये लुंड इथं १९८७ पासून गर्भाच्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी (पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या ह्याच मरत जातात, म्हणून हालचाल अडते) मेंदूत लावून बघितल्या, तर बहुतेक पेशी पहिल्या काही दिवसांतच मरायच्या, म्हणून एका पेशंटला अनेक गर्भांच्या पेशी लागायच्या. अमेरिकेतल्या एका ट्रायलमध्ये (रिझल्ट २००३ चा) इम्युनिटी दाबायचं औषध सहा महिन्यांनी बंद केलं, तर त्यानंतर थोड्याच काळात पेशंटची सुधारणा परत घसरली. आणि जपानमध्ये क्योटोला सात पेशंटना डोनरच्या आयपीएस पेशींपासून (साध्या पेशी लॅबमध्ये परत मूळ अवस्थेत नेलेल्या) बनवलेल्या डोपामिनच्या पेशी घातल्या, २०२५ ला छापून आलंय, त्यात टॅक्रोलिमस हे इम्युनिटी दाबायचं औषध पंधरा महिने दिलं, पेशी टिकल्या, सहा जणांचं मोजमाप केलं त्यातल्या चौघांना गोळी उतरलेली असताना पण फरक दिसला. म्हणजे काम चालू आहे, खोटं नाही. पण ते ऑपरेशन करून मेंदूत नेमक्या जागी सोडतात, मणक्यात नाही.

आता आण्णांच्याच सेल घेतल्या तर रिजेक्शन नाही, बरोबर. पण बोन मॅरोतल्या त्या पेशी डोपामिन बनवणाऱ्या पेशी होत नाहीत हो! परकं झाड नको म्हणून घरचंच लावलं, पण लावलं काय तर बाभळ, आणि वर द्राक्षाची वाट बघायची. डोनरच्या घेतल्या तर परत रिजेक्शन आलंच, त्याच्या औषधाचं पॅकेजमध्ये नाव नाही.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आयसीएमआरची (सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची गाईडलाईन मोबाईलवर दाखवली. स्टेम सेलची मान्य ट्रीटमेंट फक्त रक्ताच्या आजारांना, बाकी सगळं ट्रायल, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत. तुमच्या ट्रायलचा रजिस्ट्रेशन नंबर द्या म्हटलं. काउन्सेलर "सर मीटिंगमध्ये आहेत" म्हणून जे आत गेला तो आलाच नाही, आम्ही पाऊण तास एसीत कुडकुडत.

बुकिंगचे १०,००० मी उतावळेपणानं आधीच फोनवरून भरलेले, चूक माझीच. तीन आठवडे फोन केल्यावर ९,००० परत आले, हजार म्हणे फाईल चार्ज. फाईल म्हणजे निळं प्लास्टिकचं फोल्डर, आत त्यांचंच पत्रक. आण्णा त्यात लाईटबिलं ठेवतात.