मसनवी: बरेच महिने वाचल्यावर

गेल्या पावसाळ्यापासून रोज रात्री सूफी कवी मौलाना रूमींचं फारसी दीर्घकाव्य, मसनवी, वाचतोय. हातात निकल्सनचं इंग्रजी भाषांतर आणि मोबाईलवर गंजूर ही फारसी कवितांची साइट, तिथे मूळ फारसी वाचता येतं आणि लोकांनी रेकॉर्ड केलेलं ऐकताही येतं, सगळं फुकट. इन्स्टावरचे रूमीचे दोन ओळींचे कोट्स आवडले म्हणून येणार असाल तर आधीच सांगतो, हे प्रकरण वेगळं आहे. सहा दफ्तरं (म्हणजे खंड), पंचवीस हजारांच्या आसपास बैत (दोन ओळींची कडवी), गोष्टीत गोष्ट, मध्येच कुराणातली आयत, मध्येच चावट किस्सा. निकल्सनची भाषा कोरडी आहे, जागोजागी कंस आहेत, पण मुळाला धरून चालतो आणि मला तेच हवं होतं.

आता खरं कारण. आईला स्मृतिभ्रंश आहे, हाक मारली तर बघते पण ओ देत नाही. अशात तिसऱ्या दफ्तरातली ती गोष्ट वाचली, एक माणूस रात्रभर अल्लाचं नाव घेत असतो आणि सैतान त्याला म्हणतो, एवढ्या हाका मारल्यास, एकदा तरी ओ आली का? माणूस खचतो, झोपतो, स्वप्नात खिज्र (वाट दाखवणारे संत) येऊन विचारतात का थांबलास, आणि मग देवाचा निरोप सांगतात की तुझी हाक हीच आमची ओ, तुझी ती तळमळ आमचाच निरोप्या. रूमी इथे ‘धीर धर, उत्तर येईल’ म्हणतच नाहीत!! म्हणून मला ते पटलं, आई बरी होईल अशी खोटी आशा त्यात नाही, आणि तरी तिच्याशी रोज बोलत राहायला बळ येतं, मी बोलतोय म्हणजे नातं चालू आहे.

ऐकून बघाच. गझल लिहिणाऱ्यांना लगेच कळेल, अख्खी मसनवी गालगागा गालगागा गालगा या वृत्तात आहे (गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघू), फारसी येत नसली तरी लय पकडते.

सलग वाचायला जाऊ नका, दमाल. आधी अगदी सुरुवातीच्या, बासरीवरच्या १८ बैता, मग वरची गोष्ट, मग दुसऱ्या दफ्तरातले पैगंबर मूसा (मोझेस) आणि धनगर. धनगर देवाला म्हणतो तुझे जोडे शिवीन, केस विंचरीन, मूसा त्याला झापतात आणि देव उलट मूसांनाच सुनावतो. जनाबाईची वेणी घालणारा विठ्ठल ज्यांनी लहानपणापासून ऐकलाय त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.