60 इलेक्ट्रोडची एमईए चिप: सांगलीच्या उन्हाळ्यात कितपत चालते?

तासगाव-मिरज भागात द्राक्षावरच्या फवारणीच्या औषधांचा जिवंत पेशींवर होणारा परिणाम तपासायचा, तर एमईए (मल्टिइलेक्ट्रोड अ‍ॅरे) चिपचा हा संच खरोखर कामाचा आहे; चिपवर वाढवलेल्या पेशींचे विजेचे सिग्नल तिचे इलेक्ट्रोड टिपतात. चिप उत्तम. सोबतचं झाकण मात्र पहिल्याच दिवशी बाजूला ठेवा.

काचेवर टायटॅनियम नायट्राइडचे 30 मायक्रोमीटर व्यासाचे 60 इलेक्ट्रोड, दोघांत 200 मायक्रोमीटर अंतर. सुरुवात कोंबडीच्या गर्भाच्या हृदयपेशींनी करावी. 1972 मध्ये संशोधक थॉमस आणि सहकाऱ्यांनाही अशा इलेक्ट्रोडवर सिग्नल मिळाले ते याच पेशींचे. त्यांचा ठोका काहीशे मायक्रोव्होल्टचा, सहज दिसतो. मेंदूच्या पेशींचे 50-100 मायक्रोव्होल्ट नवख्याला गोंगाटातून वेगळे काढणं अवघड जातं.

अंडी हॅचरीतूनच घ्या, किराणा दुकानातली सहसा फलित नसतात. 7-8 दिवस उबवलेल्या गर्भाचं हृदय घ्यायचं, ट्रिप्सिन या एंझाइमने पेशी सुट्या करायच्या. इलेक्ट्रोडवर आधी फायब्रोनेक्टिन या चिकटवणाऱ्या प्रथिनाचा थेंब तासभर ठेवला नाही, तर पेशी नीट चिकटत नाहीत आणि माध्यम (पेशी वाढवायचं पोषक द्रव) बदलताना चादरीसारख्या सुटून येतात. सगळं जुळलं तर एक-दोन दिवसांत ठोके सुरू होतात.

आता झाकण. रेकॉर्डिंग इन्क्युबेटरबाहेर, 37 अंशांच्या तापत्या बैठकीवर होतं. एप्रिलच्या कोरड्या हवेत सैल झाकणाखालून पाणी उडत राहतं. 1 मिलिलिटर माध्यमातलं 100 मायक्रोलिटर पाणी गेलं, की विरघळलेल्या क्षारांची तीव्रता (ऑस्मोलॅरिटी) 300 वरून 333 मिलिऑस्मोलवर जाते. शिवाय कार्बन डायऑक्साइड निसटतो, आम्लता घटते आणि नारिंगी-लाल माध्यम जांभळट गुलाबी होतं. ठोके मंदावतात आणि दोष बिचाऱ्या नमुन्यातल्या औषधावर येतो! एफईपी टेफ्लॉनचा पातळ पडदा ताणून बसवलेलं झाकण करून घ्या. त्यातून वायू हळूहळू जातात, वाफ जवळजवळ जात नाही. आणि औषध न घातलेली एक चिप शेजारी ठेवल्याशिवाय कुठलाही निष्कर्ष काढू नका.

सगळ्या चॅनेलवर (म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडच्या नोंदीत) एकसारखी 50 हर्ट्झची लाट दिसली तर अर्थिंग तपासा, मोबाइलचा चार्जर आणि ट्यूबलाइट बंद करा. एकच चॅनेल बिघडलं तर बहुतेक वेळा कडेच्या संपर्कपट्टीवर बोटाचा तेलकट डाग असतो; आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने हलकेच पुसा. इलेक्ट्रोडच्या भागाला मात्र काहीही टेकवू नका, कापसाचा बोळाही नाही. वापरानंतर एंझाइमयुक्त डिटर्जंटमध्ये रात्रभर भिजवून शुद्ध पाण्याने धुतलं की पुरे. माहितीपुस्तिकेत यातलं फारसं काही नाही, ही मोठी उणीव आहे. चिपा तीन तरी घ्याव्यात: एक धुण्यात, एक नमुन्याला, एक तुलनेला.