बेंझ मोटरवॅगन मॉडेल 3 : शंभर किलोमीटर चालवल्यावर काय काय निघालं

ऑगस्ट 1888 मध्ये बर्थाबाई बेंझ ही गाडी घेऊन जर्मनीतल्या मॅनहाइमहून फोर्त्सहाइमला, म्हणजे आपल्या माहेरी निघाल्या, नवऱ्याला, म्हणजे ती बनवणाऱ्या कार्ल बेंझना, न सांगता, सोबत युजेन आणि रिचर्ड ही दोन पोरं, एक 15 चा आणि एक 13 चा. बाईंच्या धाडसाबद्दल सगळेच लिहितात आणि लिहायलाच पाहिजे, पण मला या प्रवासात सगळ्यात जास्त इंटरेस्ट आहे तो गाडीत, कारण त्या एका दिवसात तिच्यात जेवढे फॉल्ट निघाले तेवढे घराजवळ फेऱ्या मारून कधीच निघाले नसते. म्हणून हा रिव्ह्यू फक्त गाडीचा.

गाडी तीन चाकी, एक आडवा सिलिंडर, पॉवर दोन हॉर्सपॉवरच्या आसपास. मागे मोठं आडवं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनचं जड चाक, ते हाताने गरगर फिरवलं की इंजिन चालू. इंजिनवरून पट्टा मधल्या शाफ्टवर आणि तिथून दोन चेन मागच्या दोन चाकांना. कागदावर एकदम साधं आणि छान.

पण चेन ताणते हो. ज्याने बाईकची चेन स्वतः टाइट केलीये त्याला हे सांगायला नको, नवीन चेन पहिल्या काही दिवसांतच सैल पडते, मधोमध बोटाने उचलली तर पार वर येते आणि खड्ड्यात गाडी आदळली की दात सोडून कट कट वाजायला लागते. इथे तर दोन चेन आणि रस्ता घोडागाडीच्या चाकांनी उकरलेला, त्यामुळे वाटेतल्या ब्रुखसालला लोहाराकडे थांबावंच लागलं. चेन ताणायची सोय मालकाला रस्त्यात उभं राहून वापरता आली पाहिजे, हा माझा पहिला मार्क कट.

दुसरं इंधन. कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे इंधन हवेत मिसळायच्या भांड्यात, जेमतेम साडेचार लिटर मावायचं, त्यात शंभर किलोमीटर कसे होणार? आणि पेट्रोल पंप तर जगात कुठेच नव्हता, मग वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं, पेट्रोलसारखंच एक द्रव, कपड्यांवरचे डाग काढायला विकायचे तेच. त्यात इंधनाची नळी कचऱ्याने तुंबली, ती बाईंनी टोपीची पिन घालून मोकळी केली. हे वाचताना मला अक्षरशः ती पिन दिसते, कारण तुंबलेला जेट, म्हणजे इंधन जायचं बारीक भोक, बारीक तारेने टोचून साफ करणं हे काम मी कितीतरी वेळा केलंय, घाईत जरा जोर लागला तर भोकच मोठं होतं. बाईंनी ते रस्त्याच्या कडेला उभं राहून केलं आणि गाडी परत चालू झाली, हात किती सफाईदार असेल बघा.

इग्निशनच्या वायरचं आवरण घासून निघालं तेव्हा मोजे वर धरून ठेवायचं इलॅस्टिक वायरला गुंडाळलं. वायर कुठे घासते हे गाडी तासन् तास हादरल्याशिवाय कळतच नाही, वर्कशॉपमध्ये उभ्या गाडीत ती ठणठणीतच दिसणार.

पाणी हा तर कायमचा ताप. रेडिएटर नाही, सिलिंडरभोवतीचं पाणी उकळून वाफ होऊन जायचं, म्हणजे दिसेल त्या विहिरीवर, ओढ्यावर थांबायचं आणि भरायचं.

आता ब्रेक, आणि इथे मी अजिबात सवलत देणार नाही. लाकडी ठोकळे उतारावर झिजत गेले, धरेनासे झाले, शेवटी एका मोच्याकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनिंगची सुरुवात इथून झाली असं मानतात. चांगलंच आहे, पण दोन पोरं गाडीत असताना उतारावर ब्रेक लागत नाही हे कळणं म्हणजे काय, विचार करा. चढावर तर पोरांनी उतरून ढकलली, कारण चढाला पुरेल असा गिअरच नव्हता. परत आल्यावर बाईंनी सगळं सांगितलं आणि कार्ल बेंझनी चढासाठी खालचा गिअर वाढवला.

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट मात्र ही की या सगळ्या हकिकतीत पिस्टन किंवा सिलिंडरने दगा दिल्याचं कुठेच येत नाही, त्रास दिला तो नळी, वायर, चेन, ठोकळा असल्या बाजूच्या वस्तूंनी. पुढे 1907 मध्ये रोल्स-रॉईसच्या सिल्व्हर घोस्टची 15,000 मैलांची टेस्ट झाली तेव्हाही 629 मैलांवर गाडी थांबली ती हादऱ्याने पेट्रोलचा कॉक आपोआप बंद झाला म्हणून, इंजिन धडधाकट. तिथून पुढे 14,371 मैल, म्हणजे 23,000 किलोमीटरच्या वर, एकदाही बिघाडाने थांबली नाही. एकोणीस वर्षांत केवढा फरक!

तर माझे मार्क : इंजिन 5 पैकी 4, कुलिंग 2, चेन आणि इंधन मिळून 2, ब्रेक 1, तोसुद्धा चामडं लावल्यानंतरचा. पल्ला लांबचा असेल तर जास्तीचं लिग्रोइन, बारीक तार आणि चामड्याचे दोन तुकडे घेतल्याशिवाय हिला बाहेर काढू नका.